आठ नंबरची काठी

बाबी,

तुझ्या ओट्यावर अकरा दिवस माणसं येऊन बसताहेत आणि अकरा दिवस सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलताहेत. तातू म्हणाला, एवढा दिलदार माणूस मसुऱ्यात दुसरा नाही. तुझ्या बांद्याच्या जावयाने सांगितलं की बाबांनी आयुष्यात कधी कोणाला फसवलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मी भिंतीला टेकून बसलो होतो. मी नाही हलवली.

माझ्याकडे सांगण्यासारखं होतं, पण सुतकाच्या घरात ते बोलायचं कसं? म्हणून घरी येऊन लिहितो आहे. तू मला फसवलंस. जाणूनबुजून फसवलंस, दोन वर्षं पोटात ठेवलंस, आणि उघडकीला आलं तेव्हा उत्तर द्यायला जागेवर नव्हतास. या शेवटच्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

परवा वहिनींनी मला आत बोलावलं. तुझ्या पिठाच्या गिरणीतल्या फळीखालचा पत्र्याचा डबा त्यांच्या हातात होता. लेकीला गिरणीच्या किल्ल्या हव्या होत्या, त्या शोधताना उघडला म्हणे. शिशाचे गोळे, नायलॉनच्या तंगुसाच्या गुंडाळ्या, गंज धरलेले गळ, आणि सगळ्याच्या तळाशी पीठ बसून पांढरी झालेली एक चिठ्ठी.

"भावोजी, ह्या तुमचाच काय बगा. तुमचा नाव आसा."

चिठ्ठी मी लगेच ओळखली. मासे धरायची काठी नऊ फूट, आठ नंबर. दोरी आठ नंबर. रीळ खाऱ्या पाण्याला टिकणारं. दोन वर्षांपूर्वी ती माझ्या सदऱ्याच्या खिशातून हरवली होती. तिच्यापायी मी माझ्या बायकोशी चार दिवस भांडलो होतो, कपडे भिजवताना खिसे बघत नाही म्हणून. तेव्हा तू मध्यस्थी करायला आला होतास. आठवतंय? आमच्या घरात बसून, आमचा चहा पीत तू मला समजावलंस की एवढ्याशा कागदासाठी बाईमाणसाला बोलू नये. आणि कागद तुझ्या डब्यात.

मग मी चिठ्ठी उलटी केली.

ती चिठ्ठी लिहिणारा माणूस तू पाहिलेला आहेस. खाडीकाठच्या पाहुण्यांच्या घरात बंगळूरला स्थायिक झालेले ते निवृत्त मराठी गृहस्थ तीन दिवस उतरले होते. सकाळी बांधावर उभे राहून मासे धरायला काठीने हवेत दोरी फिरवायचे, टोकाच्या गळाला नुसतं कोंबड्याचं पीस बांधून. तू माझ्या शेजारी गरी टाकून बसला होतास. तुझी गरी म्हणजे हातात तंगूस, तिला शिसं आणि गळाला सुंगट, साधी कोळंबी. चाळीस वर्षांत तुला दुसरं काही लागलं नाही. तुझं म्हणणं एकच.

"सुंगट नाय, शिसा नाय. मगे मासो काय आमंत्रण बगून येतलो?"

मी हसलो नाही. मी मोजणी खात्यातला माणूस. अठ्ठावीस वर्षं जमिनीवर साखळी टाकतो आहे, आणि साखळी एका दमात सरळ पडली असं फार थोड्या वेळा झालं असेल. त्या माणसाने पन्नास फूट दोरी हवेतून नेऊन पाण्यावर अशी ठेवली की तिच्यात एक बाक नव्हता. मला ते शिकायचं होतं. मासा मिळो न मिळो, मला तशी रेघ मारायची होती. एक्कावन्नाव्या वर्षी माणसाला असं काही वाटलं तर मित्राने काय करावं, हे तूच ठरव.

मी त्यांना विचारलं. त्यांनी चांगलं अर्धा तास समजावलं आणि वर सांगितलेली चिठ्ठी लिहून दिली. दुसऱ्या दिवशी ते गेले. संध्याकाळी दळण घेऊन मी गिरणीवर आलो आणि चिठ्ठी तुझ्यासमोर ठेवली, कारण या खाडीतलं तुझ्याइतकं कोणाला कळत नाही असं मी मानत होतो. अजून मानतो, ते वेगळं. मी डबा उतरवून वजनकाट्यावर ठेवेपर्यंत तू ती वाचलीस. पिठाच्या हातांनी. दोन्ही बाजूंनी.

"आठ नंबर तेचो रे. तो तीस वर्षां गरवता. तू आजून बिगरीत. पयलीत बसाचा सोडून एकदम आठवीत बसतंस? चार नंबर घे."

गिरणीवरचे सगळे हसले आणि मला ते पटलं. हे मला आज लिहायला जड जातं, पण पटलं. घरी जाऊन मोबाइलवर शोधलं, तर तिथेही एका ठिकाणी चार नंबरची काठी नवशिक्याला सोपी असं लिहिलेलं होतं. ते डोंगरातल्या थंड ओढ्यांमधल्या लहान माशांसाठी होतं. मी अर्धंच वाचलं. दोन दिवसांनी चिठ्ठी पुन्हा बघावी म्हणून धुतलेल्या सदऱ्याचा खिसा चाचपला तर चिठ्ठी नव्हती, आणि ती गिरणीवरून परत खिशात ठेवली असंच मी धरून चाललो होतो.

आता चिठ्ठीच्या पाठीवर काय आहे ते सांगतो. तुला माहीत आहे, पण तुझ्या तोंडावर वाचून दाखवायची संधी मला मिळाली नाही, म्हणून लिहितो. 'तुम्ही नवे आहात म्हणून कोणी हलकी काठी घ्या म्हणेल. घेऊ नका. इथला मासा गळ लागताच तिवराच्या मुळांत शिरतो. हलकी काठी त्याला अडवू शकणार नाही, मोडेल.'

मी रोज लोकांचे कागद तपासतो. नकाशावरची एक रेघ वाकडी असली तरी परत पाठवतो. आणि माझ्याच कामाच्या कागदाची पाठ मी बघितली नाही. त्याबद्दल मी स्वतःला काय म्हणायचं ते म्हणून घेतलं आहे. तुला म्हणायचं बाकी आहे.

चार नंबरची काठी आली. दिवाळी होऊन गेली होती, भात कापून झालं होतं. माझ्या घरामागच्या कुणग्यात, शेताच्या त्या रिकाम्या तुकड्यात, मी सराव सुरू केला. गळ न बांधता, टोकाला लाल लोकरीचा झुपका बांधून. त्या गृहस्थांनी सांगितलं होतं की पहिला महिना पाण्याकडे जाऊच नका. आपल्या गरीत वजन शिशाचं. शिसं भिरकावलं की तंगूस त्याच्यामागून जाते. इथे टोकाला जे पीस बांधायचं त्याला वजनच नाही. वजन दोरीला. म्हणून दोरी जाड, आणि ती हवेत मागेपुढे नेऊन टाकावी लागते. काठीचा नंबर म्हणजे ती किती वजनाची दोरी पेलते तो नंबर. चारला चार, आठला आठ. माणूस नवा की जुना याचा त्या आकड्याशी काहीही संबंध नाही. हे मला सगळं नंतर कळलं.

काठी मागे न्यायची, घड्याळात दोन वाजतात तिथे थांबवायची, पाठीमागे दोरी सरळ होईपर्यंत दम धरायचा, मग पुढे, आणि दहावर पुन्हा थांबवायची. सगळी चूक त्या दम धरण्यात होते. मी घाई करायचो आणि लोकर पोफळीला अडकायची. तू बांधावर उकिडवा बसून बघायचास. एकटा बसला असतास तर गोष्ट वेगळी. तू तातूला घेऊन यायचास.

"काय रे मोजणीदारा, देवळात चवरी ढाळतंस काय? देव खंय आसा?"

तिसऱ्या दिवसापासून वाडीत माझं नाव चवरी पडलं. मोजणीला मसुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो तर तिथला शेतकरी म्हणाला, या चवरीसाहेब. माझा शिपाई तोंड फिरवून हसला. मी घरी येऊन वहीत लिहिलं: आजच्या फेका दोनशे, सरळ पडलेल्या एकतीस. वही मी पहिल्या दिवसापासून ठेवली आहे. तारीख, भरतीची वेळ, फेका, अंतर, काय लागलं, काय सुटलं.

जानेवारीत तू मला होडीतून नेलंस. तूच म्हणालास चल. गॉगल आणि टोपी घालून मी बसलो, कारण गळ कानाजवळून जातो आणि नवशिक्याने डोळे झाकलेले बरे. त्यावर तू मला एक तास नवरदेव म्हणत होतास. चौथ्या फेकीला माझ्या गळाने तुझ्या डोक्यावरचा पंचा उचलला आणि खाडीत नेऊन टाकला. तू तो वल्ह्याने ओढून घेतलास, पिळलास, माझ्या मांडीवर ठेवलास.

"पिसार गावलेलो पयलो मासो. भाजून खा."

मी हसलो. तेवढं एकदा मी खरंच हसलो होतो.

मग तू होडी तिवराच्या त्या वाकड्या झाडासमोर उभी केलीस आणि बोटाने मुळांमधली काळी जागा दाखवलीस. मी टाकलं. दोरी सरळ पडली. मी दोनदा ओढली आणि तांबोशीने पीस असं घेतलं की माझ्या हाताला हिसका बसला. काठी वाकली, आणखी वाकली, आणि मुठीच्या वर एक वीत अंतरावर कडकन मोडली. मासा मुळांत गेला. पुढचा भाग दोरीला लोंबकळत राहिला.

आणि तू हसलास. होडीच्या तळाला बसून, पोट धरून.

"मेल्या, मासो ऱ्हवलो, काठीय गेली!"

बाबी, त्या वेळी तुला माहीत होतं. हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं, आणि आता ते हसणं पुन्हा आठवलं की पायाखालचं लाकूड हलल्यासारखं वाटतं. काठी मोडणार हे तू वाचलेलं होतंस. मला ज्या जागी नेलंस ती जागा तुझी, मासा तुझ्या ओळखीचा. तू मला मोडायलाच घेऊन गेला होतास.

ती गोष्ट गिरणीवर महिनाभर चालली. प्रत्येक दळणाला एकदा. शेवटी मी सर्वांसमोर म्हटलं की बाबी, याच पद्धतीने मी तांबोशी धरीन आणि तुला खायला घालीन. पट्टा चालू होता म्हणून तुला मोठ्याने बोलावं लागलं, आणि म्हणून ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

"कोंब्याच्या पिसार धरलेली तांबोशी मी खावचंय नाय. पानात वाढलंस तरी उठान जातलंय!"

बायको म्हणाली, एवढं लागलं असेल तर देवाकडे नारळ ठेवा. मी म्हटलं, देवाला यात पाडायचं नाही. मी नऊ फुटी, आठ नंबरची काठी मागवली. या वेळी प्रत्येक ओळ दोनदा वाचली. टोकाला जाड तंगूस, सहाच फूट, कारण मुळांत घासली तरी टिकायला हवी. न गंजणारे गळ. घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्यात धुवायचं, नाहीतर मीठ आठ दिवसांत रिळाचे दात धरून बसतं. आणि पिसं कुठली वापरली, ते तुला कधीच सांगितलं नव्हतं. आज सांगतो. तुझा तो लाल कोंबडा, ज्याची शेपूट दर महिन्याला विरळ होत होती, आणि तू मांजराला दगड मारत होतास? मांजराचा दोष नव्हता. वहिनी मला पिसं काढून द्यायच्या. वर्तमानपत्रात गुंडाळून, भाजीच्या पिशवीत.

तेवढा एक डाव माझा.

त्यानंतर आपण त्रेसष्ट वेळा खाडीत गेलो. पावसाचे महिने सोडून. वहीत सगळ्या तारखा आहेत. त्रेसष्ट वेळा वल्हं तुझ्या हातात होतं. मला हरवायचं होतं तर तू आलास कशाला, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. मला वाटायचं की तू माझी फजिती बघायला येतोस. काळुंद्री लागली, लहान गोबरा लागला, एकदा शेंगट लागून माझ्या अंगठ्यात काटा मोडला. तांबोशी चार वेळा लागली आणि चारही वेळा सुटली. प्रत्येक वेळी तुझं तेच. "मोजू नको रे. पाणी बग." सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, पहिल्या तासात मुळांतून पाणी निघायला लागलं की मासा दाराशी येतो, हेही तूच सांगितलंस. म्हणजे तू मला फसवतही होतास आणि शिकवतही होतास. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि हे मी कौतुकाने म्हणत नाही.

शेवटच्या रविवारी मी वहीत लिहीत असताना मासा आला आणि पीस थुंकून गेला. तू वल्हं आपटलंस. "ती वही खाडयेत टाक!" माझंही डोकं फिरलं. मी विचारलं, मला आधी एक सांग, चार नंबर तू मुद्दाम सांगितलास का? दोन वर्षं मनात होतं ते त्या दिवशी बाहेर पडलं. मला वाटलं तू चिडशील. तू आपटलेलं वल्हं उचललंस आणि म्हणालास,

"मासो धर, मगे सांगतंय."

काठावर आल्यावर मी उतरून सरळ चालायला लागलो. होडी वर ओढायला हात लावला नाही. मागे वळून बघितलं तेव्हा तू एकटाच ती ओढत होतास, मध्ये थांबून छातीवर हात ठेवत होतास. मला वाटलं, सोंग करतोय. मंगळवारी तू गेलास.

आता माझ्याकडे तीन दिवस आहेत. तुमच्या वाडीची रीत तुला ठाऊक आहे. तेरा दिवस चुलीवर मासा चढत नाही. तेराव्याला गोड, चौदाव्याला तिखट. आणि तिखटाचा मासा घरच्यांनी आणायचा नसतो, जवळच्या माणसाने आणून द्यायचा. पहिलं पान गेलेल्याचं लागतं. वहिनींना मी आज सांगितलं की मासा मी आणीन. त्यांनी विचारलं, "भावोजी, बाजारातसून?" मी म्हटलं, नाही.

तांबोशी मी धरणार आणि ती तुझ्या पानात पडणार. मग बघू कसा उठून जातोस.

*

इथवर अकराव्या दिवशी लिहिलं होतं. आज चौदावा. दुपारची जेवणं होऊन मी घरी आलो आहे.

अकराव्याला आणि बाराव्याला काही लागलं नाही. पहिल्या दिवशी एकशे सहा फेका, दुसऱ्या दिवशी एकशे चाळीस. वहिनींना विचारून तुझीच होडी नेली होती, आणि माझं काय चुकतंय ते मला पहिल्या तासातच कळलं. काठी हातात घेतली की वल्हं सुटतं, वल्हं घेतलं की काठी खाली ठेवावी लागते. मी टाकायला उभा राहीपर्यंत होडी मुळांना जाऊन टेकायची, नाहीतर प्रवाहात बाहेर जायची. मग मी वही उघडली. अंतराच्या रकान्यात त्रेसष्ट दिवस एकच आकडा होता. चाळीस फूट. कुठे एकोणचाळीस, कुठे एकेचाळीस. मला वाटत होतं की मी चाळीस फुटांवर टाकायला शिकलो. ते अंतर तू धरून ठेवत होतास, बाबी. तोंडाने मला चवरी म्हणत, हाताने होडी एका फुटापेक्षा जास्त फरक न करता उभी ठेवत होतास. साखळी माझी, पण तिचं दुसरं टोक तुझ्या हातात होतं, आणि मी ते मोजलं नव्हतं.

त्यामुळे तुझ्यावरचा राग कमी झाला असं समजू नकोस. उलट वाढला. एवढं सगळं करायचं होतं तर एक शब्द बोलायला काय झालं होतं?

तेराव्या दिवशी अमावास्येचं उधाण होतं. भरती पावणेबाराला भरणार, म्हणजे सुकतीचा पहिला तास नेमका तुझ्या तेराव्याच्या पंगतीचा. मी आदल्या दिवशी वेळा तीनदा तपासल्या, बदलल्या नाहीत. बायको म्हणाली, लोक काय म्हणतील? मी ऐकलं नाही, गेलो. घरून निघताना तुझ्या खळ्यात पानं मांडलेली दिसत होती आणि मी काठी घेऊन विरुद्ध दिशेने चाललो होतो. तातूने पाहिलं. त्याने हाक मारली नाही. एवढ्या वर्षांत तुझ्या घरची पंगत मी चुकवलेली ही पहिली.

होडीत दोन काठ्या घेतल्या होत्या, बांबूच्या. एक पुढे नाळेला, एक मागे वरामाला, दोन्ही चिखलात रोवून होडी बांधली. अंतर चाळीस भरलं नाही, चव्वेचाळीस भरलं. मला चव्वेचाळीस जड जातं. पिशवीत सुंगटं होती, बायकोने आमटीसाठी आणलेली, तशीच राहून गेलेली. एक गळाला लावलं असतं तर कोणाला कळलं असतं? मासा मेल्यावर त्याने काय खाल्लं ते कोण विचारतो. मी पिशवी बंद केली आणि तिच्यावर बसलो.

एकशे सतरा फेका गेल्या. मोजत होतो म्हणून सांगतो. मग तुझा आवाज आठवला, आणि मोजणं सोडलं असं म्हणणार होतो, पण ते खरं नाही. मोजत राहिलो. फक्त त्याबरोबर पाणीही बघितलं. वाकड्या झाडाच्या डाव्या बाजूला, मुळांतून पाणी निघत होतं तिथे एक वाटोळी घडी पडली आणि नाहीशी झाली. काठी मागे नेली, दोनवर थांबवली, दम धरला. तू असतास तर काहीतरी बोलून तो दम मोडला असतास. दोरी पुढे गेली आणि मी बंगळूरच्या त्या गृहस्थांची पाहिली होती तशी पडली. एक बाक नाही. बघायला कोणी नव्हतं.

ती लागली. या वेळी काठी वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिने मुळं गाठायचा जोर केला, मी दोन पावलं मागे सरकलो, होडी कलली, एक बांबू उपटला. पण ती बाहेर आली.

साडेअकरा इंच.

बाबी, मला माहीत आहे तू काय म्हणाला असतास. ही तांबोशी की तिची नात? दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी तिला सोडली असती. मी तिला पंच्यात गुंडाळली, काठावर आलो आणि होडी वर ओढली. तिला एकट्याने ओढायला किती जोर लागतो ते मला पहिल्या दोन दिवसांतच समजलं होतं. कालही तीनदा थांबावं लागलं.

मासा वहिनींच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून बघितला. मी म्हटलं, लहान आहे. त्या म्हणाल्या, "हेंच्या पानात डोक्या तरी येतला." तुला माशाचं डोकं लागतं हे त्यांना कोणी सांगायला नको. मग मी ते विचारलं, जे विचारायचं मला चार दिवस धाडस झालं नव्हतं. बाबीने ती चिठ्ठी का लपवली, तुम्हाला काही बोलला होता का?

वहिनी कांदा चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माका काय सांगूक नाय. पण भावोजी, तुमका आठ नंबर तेवाच गावलो असतो तर तुमी म्हयन्याभरात शिकान एकटे जावक लागले असतास. मगे होडयेत हेंच्यावांगडा कोण होतो?"

होडीत तुझ्यासोबत कोण असतं, एवढंच विचारून त्यांनी पुढचा कांदा घेतला.

आज पहिलं पान तुझं लागलं. वहिनी म्हणाल्या, तुमीच वाढा. मी भात वाढला, सार वाढलं, आणि डोकं पानाच्या मधोमध ठेवलं. दोन वर्षं जे वाक्य मी तयार करून ठेवलं होतं ते तातूच्या, तुझ्या लेकी-जावयाच्या, सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हटलं. "खा. कोंब्याच्या पिसार धरलेली आसा. कोंबोय तुजोच."

मग वहिनींनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या. चौदा दिवसांत पहिल्यांदा.

सूड असा पुरा झाला. पण तू पानावरून उठून जायला हवा होतास. शिव्या घालत, पिठाचे पाय आपटत, गिरणीच्या दिशेने. त्यासाठीच मी हे सगळं केलं होतं. पान तसंच वाढलेलं राहिलं आणि साराची वाफ हळूहळू बसली. तुला उठायची गरजच नव्हती.

जेवण झाल्यावर तुझा पत्र्याचा डबा मी मागून घेतला. चिठ्ठी तू जाळू शकला असतास. दळणाच्या पिठात मिसळून गेली असती तरी मला कधी समजलं नसतं. ती तू गळांच्या आणि शिशाच्या खाली ठेवलीस, जिथे तुझा हात रोज जायचा. ती मी परत तिथेच ठेवली आहे. ठेवण्याआधी पाठीवर, त्या गृहस्थांच्या अक्षराखाली, पेन्सिलीने लिहिलं: आठ नंबर, फेक एकशे अठरा, साडेअकरा इंच.

आणि त्याखाली एक ओळ तुझ्या भाषेत, कारण ऑफिसची मराठी तू कधी मनावर घेतली नाहीस.

मासो धरलंय, बाबी. आता सांग.